खुणा नसलेला तोतया

१९३८ साली 'पॅरासिटॉलॉजी' या ब्रिटिश नियतकालिकात एक मृत्युलेख छापून आला. दिवंगताचे नाव डॉ. ओ. उप्लावित्सी, जन्म १८८७, मृत्यू १९३८. लिहिणारे होते क्लिफर्ड डोबेल. माणसाच्या आतड्यांतल्या अमीबांबाबत त्या काळी डोबेल यांचा शब्द शेवटचा मानला जाई. गंमत अशी, की हे डॉक्टर उप्लावित्सी कधी जन्मालाच आले नव्हते. १८८७ साली प्रागच्या यारोस्लाव ह्लावा यांनी आमांशावर चेक भाषेत एक लेख लिहिला होता. शीर्षक होते 'ओ उप्लावित्सी', म्हणजे नुसतेच 'आमांशाविषयी'. अलेक्झांड्रियात राहणारे ग्रीक डॉक्टर स्टेफानोस कार्टुलिस यांनी जर्मन नियतकालिकात त्याचा सारांश दिला, तेव्हा शीर्षकालाच लेखकाचे नाव समजून ते छापायला दिले. पुढची पन्नास वर्षे एकाचे पाहून दुसरा असे करत विद्वान मंडळी या न झालेल्या डॉक्टरांचे दाखले देत राहिली. शेवटी डोबेल यांनी त्यांना सन्मानाने मूठमाती दिली.

नावाच्या या घोळात कोणाचे काही बिघडले नाही. बिचाऱ्या ह्लावांचे श्रेय तेवढे हुकले. पण याच आजाराच्या इतिहासात ओळखीचा आणखी एक घोळ झाला, आणि त्यात खुद्द डोबेल चुकीच्या बाजूला होते. दोन निराळ्या जिवांना एकच समजण्याचा तो घोळ निस्तरायला बहुतेक एक शतक गेले. त्याचा भुर्दंड पडला तो मात्र प्रयोगशाळांपासून फार दूर, खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या पोटावर.

नेवाकाठचा रोगी

१८७३ सालच्या हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्गच्या रुग्णालयात चोवीस वर्षांचा एक गरीब मजूर आला. दूर उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क भागातला हा शेतकरी पोटासाठी राजधानीत आलेला. पोटात मुरडा, शौचावाटे रक्त आणि शेम, आणि अंगात त्राण उरलेले नाही. फ्योदोर लेश या डॉक्टरांनी त्याच्या शौचाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना असंख्य हलते जीव दिसले. अंगाचा एक भाग पुढे ढकलायचा आणि उरलेले अंग त्यात ओतायचे, ही त्यांची चाल. पोटात तांबड्या रक्तपेशी गिळलेल्या. लेश यांनी ते शौच कुत्र्यांच्या आतड्यांत सोडून पाहिले आणि एका कुत्र्याच्या आतड्यात तशीच क्षते उठली. रोगी पुढे दगावला. १८७५ साली लेश यांनी सारे काही लिहून काढले, पण निष्कर्ष सावध ठेवला. अमीबाने रोग सुरू केला असे ते म्हणाले नाहीत. तो रोग हटू देत नाही, एवढेच म्हणाले.

आतड्यांतले अमीबा पाहणारे लेश पहिलेच, असेही नाही. १८७० साली कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी आणि पुढच्या वर्षी डेव्हिड कनिंगहॅम यांनी पटकीच्या रोग्यांच्या शौचात अमीबा पाहिले होते. ते दोघे पटकीचे कारण शोधत होते, त्यामुळे वाटेत भेटलेल्या या जिवाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. १८८३ साली रॉबर्ट कॉखही पटकीच्याच मागावर इजिप्तला गेले आणि आमांशाने मेलेल्यांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत त्यांना अमीबा दिसले. हे काम कार्टुलिस यांनी उचलले. त्यांनी दीडशेहून अधिक रोग्यांत अमीबा दाखवले, यकृताच्या गळवातही दाखवले. १८९० साली बाल्टिमोरमध्ये विल्यम ऑस्लर यांना पनामाहून आलेल्या एका डॉक्टरच्या यकृतात तेच सापडले. पुढच्याच वर्षी त्याच रुग्णालयातल्या कौन्सिलमन आणि लाफ्लर यांनी या दुखण्याला 'अमीबाजन्य आमांश' हे नाव दिले.

पण एक कोडे तेव्हाच डोके वर काढत होते. ठणठणीत माणसांच्या शौचातही अमीबा सापडत. मग हा जीव रोगकारक कसा? १९०३ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी कोड्याचा एक धागा सोडवला. आतड्यांत दोन अमीबा असतात, असे त्यांनी दाखवले. एक निरुपद्रवी, त्याचे नाव एंटामिबा कोलाय. दुसरा ऊतक विरघळवणारा, म्हणून एंटामिबा हिस्टोलिटिका. दोघांची टिकाऊ, कवचातली अवस्था म्हणजे सिस्ट. कोलायच्या पिकलेल्या सिस्टमध्ये आठ केंद्रके असतात, हिस्टोलिटिकाच्या सिस्टमध्ये चार. हिस्टोलिटिकाच्या पुनरुत्पादनाचे शाउडिन यांनी केलेले वर्णन चुकलेले होते, ते वॉकर या संशोधकांनी १९११ साली दुरुस्त केले. पण नाव टिकले. ही दुरुस्ती पाहायला शाउडिन हयात नव्हते. लिस्बनच्या वैद्यकीय परिषदेहून परतताना ते बोटीवरच आजारी पडले आणि १९०६ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. कारण अमीबाचेच गळू. त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले होते, असे सांगतात.

बिलिबिडचे अठरा कैदी

आठ केंद्रकांचा तो साव आणि चारांचा तो चोर, एवढे ठरले. तरी पेच सुटला नाही, कारण चार केंद्रकांचे सिस्टही निरोगी माणसांत खुशाल सापडत. १९१३ साली मनिलातल्या बिलिबिड तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स यांनी एक प्रयोग केला. आज कोणतीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही. तयार झालेल्या वीस कैद्यांना त्यांनी हिस्टोलिटिका खाऊ घातला. अठरा जणांच्या आतड्यांत तो रुजला. आमांश झाला चौघांना.

उरलेल्या चौदांचे काय? या प्रश्नाची दोन उत्तरे संभवत होती. एक म्हणजे जीव एकच, पण तो कोणाशी जमवून घेतो आणि कोणावर उलटतो. माणसाची ताकद, त्याचा आहार, आतड्यांतले इतर जिवाणू यांवर ते ठरते. दुसरे उत्तर असे, की चार केंद्रकांचे म्हणून जे दिसतात ते सगळे एका जातीचे नाहीतच. वैद्यकविश्वाने पहिले उत्तर पसंत केले. ते सोपे होते, आणि अगदीच खोटेही नव्हते.

दुसरे उत्तर पॅरिसच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ साली उघडपणे मांडले. फ्रान्ससारख्या थंड देशांत चार केंद्रकांचे सिस्ट बाळगणारी माणसे भरपूर होती आणि आमांश मात्र दुर्मीळ. उष्ण देशांत दोन्ही भरपूर. एकच जीव एका मुलुखात संत आणि दुसऱ्यात दरोडेखोर कसा होईल? ब्रुम्प्ट यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. या दुसऱ्या अमीबाची लागण पिल्लांना होई, पण आतड्यात क्षते उठत नसत. त्यांनी नव्या जातीला नाव दिले एंटामिबा डिस्पार. लॅटिनमध्ये 'डिस्पार' म्हणजे असमान, न जुळणारा. रूपाने तंतोतंत जुळणाऱ्या जिवाला त्यांनी 'न जुळणारा' म्हटले, आणि टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. आकार तोच, केंद्रके तितकीच, चाल तशीच, मग वेगळेपण दाखवा कुठे ते? डोबेल यांच्यासह बहुतेकांनी ही जात मान्य केली नाही. डॉक्टरांची अडचण तर रोकडी होती. समोरच्या रोग्याचा अमीबा कोणता हे सांगता येणार नसेल, तर दोन नावांचा उपयोग काय? उलट निरुपद्रवी समजून एखादा खरा वाहक औषधावाचून सुटला तर?

पानिपतानंतर भाऊसाहेब पेशव्यांचा तोतया उभा राहिला, तेव्हा पारख करायला खरे भाऊसाहेब पाहिलेली माणसे होती, घरातल्या खुणा विचारता येत होत्या. १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला आणि ते प्रकरण मिटले. ब्रुम्प्ट यांच्या तोतयाच्या अंगावर एकही खूण नव्हती. शिवाय इथे सगळा मामला उलटा होता. तोतया निरपराध, आणि खऱ्याच्या गुन्ह्यांची शिक्षा दोघांना सारखी. आणि ती शिक्षा भोगायची त्याला पोटात बाळगणाऱ्या माणसाने.

शिक्षा साधी नव्हती. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इपेकाक मुळीतल्या एमेटिनची इंजेक्शने आमांशावर रूढ केली. त्यांनी पुष्कळ जीव वाचवले, पण औषध हृदयावर घाला घालणारे होते. पुढे क्लिओक्विनॉलच्या गोळ्या आल्या आणि पोट बिघडले की लोक त्या घेऊ लागले. जपानमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसांना त्यामुळे मज्जासंस्थेचे दुखणे जडले. पायांना मुंग्या, पाय लुळे, काहींची नजर गेली. १९७० साली तिथे औषधावर बंदी आली. त्याआधी १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल आमांशावर आणि यकृताच्या गळवावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले होते. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेली, तोंडात धातूची कडवट चव ठेवणारी गोळी ती हीच.

आपल्या गावांतली तऱ्हा जुनी होती. पोराला आव पडली की कुड्याचे पाळ उगाळून द्यायचे, वैद्याकडून कुटजारिष्टाची बाटली आणायची. कुड्याच्या सालीत कोनेसिन हे अमीबाला मारणारे द्रव्य असते, हे नंतर रसायनशास्त्रानेही मान्य केले. पण आजी कुडा उगाळायची ती पोराला मुरडा आला, रक्त पडले तेव्हा. हसत्याखेळत्या पोराला ती पाजत नसे. सूक्ष्मदर्शक गावच्या दवाखान्यापर्यंत आला आणि रीत पालटली. रोग नसला तरी चिठ्ठीवर 'अमीबा दिसला' एवढे आले, की गोळ्या सुरू.

जेलवरच्या पट्ट्या

ब्रुम्प्ट १९५१ साली वारले. डिस्पार तोवर अडगळीत पडलेले नाव होते. त्याला बाहेर काढले ते लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या पीटर सार्जंट यांच्या कामाने, आणि तेही त्यांनी त्या नावाचा कैवार घेतला म्हणून नव्हे. दिसण्यावरून कळत नसेल तर जिवाच्या पोटातले एन्झाइम तपासावे, हा त्यांचा मार्ग. १९७८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमीबांचा अर्क जेलमध्ये ठेवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला. एकच काम करणारे एन्झाइम दोन जिवांत थोडे वेगळ्या घडणीचे असेल, तर ते कमीजास्त अंतर धावते आणि जेलवर वेगळ्या जागी पट्टी उमटते. हेक्सोकायनेज आणि फॉस्फोग्लुकोम्युटेज यांच्या पट्ट्यांनी सारे उघड केले. आजारी माणसांतल्या अमीबांच्या पट्ट्या एका नमुन्याच्या, निरोगी वाहकांतल्या बहुतेकांच्या दुसऱ्या. अशा नमुन्यांना 'झायमोडेम' म्हणू लागले.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट खेड्यापर्यंत नेली ती डरबानच्या गथिराम आणि जॅक्सन यांनी. १९८५ साली त्यांनी आसपासच्या ग्रामीण वस्तीतले शौचाचे नमुने तपासले. शंभरांत साधारण दहा माणसांत चार केंद्रकांचा अमीबा होता, पण त्या दहांतल्या नऊ जणांत निरुपद्रवी झायमोडेमचा. रोगकारक झायमोडेम पोटात असलेल्या वीस निरोगी माणसांवर त्यांनी पुढे लक्ष ठेवले. दोघांना आजार झाला, उरलेल्यांच्या आतड्यांतून अमीबा आपोआप नाहीसा झाला. बिलिबिडच्या कोड्याची दोन्ही उत्तरे थोडी थोडी खरी निघाली. जाती दोन होत्या, आणि त्यातली खोडकर जातदेखील प्रत्येक वेळी खोडी काढत नव्हती.

तरी शेवटचा वाद राहिलाच. १९८६ साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेतून बातमी आली, की जिवाणूविरहित खाद्यावर वाढवताना निरुपद्रवी झायमोडेमचा अमीबा रोगकारक झायमोडेमचा झाला. तसे असेल तर जीव एकच आणि सोंगे दोन. काही वर्षे हे मत जोरात होते. पण १९८९ साली हॅम्बर्गमध्ये एग्बर्ट टानिख यांनी दोघांच्या डीएनएत असे फरक दाखवले, की नुसते खाद्य बदलून एकाचा दुसरा होणे शक्य नव्हते. बदललेला म्हणून जो दिसला तो बहुधा शेजारच्या बाटलीतून घुसलेला खराच रोगकारक अमीबा होता. १९९३ साली लुई डायमंड आणि ग्रॅहॅम क्लार्क यांनी दोन्ही जातींचे नव्याने वर्णन केले. जीवशास्त्रात आधी दिलेले नाव टिकते, म्हणून अडगळीतले नाव झटकून पुन्हा वापरात आले आणि त्यापुढे 'ब्रुम्प्ट, १९२५' असे लिहावे लागले. ब्रुम्प्ट यांना जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती.

जानेवारी १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ बैठक मेक्सिको शहरात भरली. तिने सांगितले, की जगात सुमारे ५० कोटी माणसांत चार केंद्रकांचा अमीबा असतो असा जुना हिशेब आहे, त्यातले बहुतेक डिस्पारचे वाहक आहेत. सूक्ष्मदर्शकाने तपासणाऱ्याने अहवालात 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असेच लिहावे. लक्षणे नसलेल्या माणसाला नुसते सिस्ट दिसले म्हणून औषध देऊ नये. हिस्टोलिटिका सिद्ध झाला तर मात्र लक्षणे नसली तरी द्यावे. नियम छान होता. अडचण एकच, हिस्टोलिटिका सिद्ध करायचा कसा?

परसाकडेची डबी

सार्जंट यांची पद्धत खेड्यासाठी नव्हती. अमीबा आधी प्रयोगशाळेत वाढवावे लागत, त्यात आठवडा जाई, आणि पुष्कळदा ते वाढतही नसत. सूक्ष्मदर्शकाची अडचण दुसरी. फिरता अमीबा शरीराबाहेर अर्धा तास काढला तर काढला. गावातल्या पोराची परसाकडेची डबी तालुक्याला पोहोचेपर्यंत तो मेलेला असतो. मग तंत्रज्ञाच्या हाती लागतात सिस्ट, आणि ते दोन्ही जातींचे सारखेच. पांढऱ्या रक्तपेशीलाही घाईत कित्येकदा अमीबा समजले जाते. गिळलेल्या तांबड्या पेशींसह फिरता अमीबा दिसला, तर तो हिस्टोलिटिका असण्याची शक्यता दाट, पण तो योग क्वचितच येतो.

इथे पीसीआर कामाला आली. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेल्या या पद्धतीला नोबेल मिळाले ते १९९३ सालीच, डिस्पार पुन्हा प्रतिष्ठित झाले त्याच वर्षी. तत्त्व साधे आहे. डीएनएचे दोन धागे तापवून सुटे करायचे, हव्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतील असे आखूड प्रायमर टाकायचे, आणि उष्णता सोसणाऱ्या एन्झाइमकडून मधला भाग भरून घ्यायचा. एका फेरीत एकाचे दोन, पुढच्या फेरीत चार. तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती. प्रायमर हिस्टोलिटिकाच्या घडणीनुसार बनवले, तर डिस्पारच्या डीएनएला ते चिकटतच नाहीत. ज्याला खूण नव्हती त्याची खूण सापडली, पण ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

हिस्टोलिटिकाच्या बाबतीत निसर्गाने आणखी एक सोय करून ठेवली होती. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुधा आणि आलोक भट्टाचार्य यांनी दाखवले, की या अमीबाची रायबोसोमल जनुके गुणसूत्रांवर नसून साधारण साडेचोवीस हजार अक्षरांच्या डीएनएच्या गोल कड्यांवर असतात. प्रत्येक अमीबात अशी कडी शेकड्यांनी. त्यामुळे थोडे सिस्ट मिळाले तरी पीसीआरला पकडायला भरपूर नमुना मिळतो. हेच जनुक जातीजातींत थोडे बदलते. २००६ साली थायलंडमधल्या संशोधकांनी एकाच नळीत तिन्ही अमीबा ओळखण्याची पद्धत बसवली. जेलवर १६६ अक्षरांची पट्टी आली तर हिस्टोलिटिका, ७५२ ची आली तर डिस्पार. तिसरी पट्टी ५८० ची. हा तिसरा कोण, ते पुढे येईलच.

शौचातून डीएनए काढणे मात्र नाकी नऊ आणणारे काम. सिस्टचे कवच कायटिनचे, झिंग्याच्या सालीत असतो त्याच पदार्थाचे. ते फोडायला नमुना गोठवून वितळवतात, पुन्हा गोठवतात. शौचातली पित्तद्रव्ये, रक्तातला रंग आणि गुंतागुंतीच्या शर्करा पीसीआरच्या एन्झाइमलाच अडवतात. अशा वेळी उत्तर 'नाही' असे येते आणि पोटात अमीबा असूनही पोर निर्दोष ठरते. म्हणून प्रत्येक नळीत परीक्षेसाठी एक ओळखीचा डीएनए घालतात. तो वाढला नाही तर समजायचे, की नमुना नकार देत नसून नळीच मुकी झाली आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाला चालतो, पण पीसीआरच्या कामाचा राहत नाही. त्यामुळे बर्फाची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा आरोग्य कार्यकर्ता या कामातला बिनीचा माणूस. पोराला सकाळी परसाकडे कधी होईल याची वाट पाहत तो आईशी बोलत ओसरीवर बसतो. डबी तासाभरात बर्फात गेली नाही, तर पुढचे सगळे यंत्रतंत्र फुकट.

ही पद्धत वस्त्यांत पोहोचली तशी आकड्यांची नवलाई दिसू लागली. उत्तर घानाच्या ग्रामीण भागात डच संशोधकांना डिस्पार जवळजवळ सर्वत्र सापडला आणि हिस्टोलिटिका नाममात्र. मलेशियातल्या ओरांग अस्ली आदिवासींच्या खेड्यांत मात्र नेमके उलटे. तिथे सूक्ष्मदर्शकाला सापडलेल्या अमीबांत हिस्टोलिटिकाचाच भरणा निघाला. काचेखाली दोन्ही ठिकाणी एकच चित्र दिसले असते. घानातल्या मुलाला गोळ्या देणे बहुधा व्यर्थ, ओरांग अस्ली मुलाला न देणे धोक्याचे. नव्वद टक्के निरुपद्रवी हा सरासरीचा आकडा गावाला लावता येत नाही. गावाचा आकडा गावातच काढावा लागतो.

चौथा अमीबा

या कामाची सर्वांत दीर्घ कहाणी मात्र ढाक्यातली आहे, आणि ती शहरातल्या झोपडपट्टीची. १९६० साली पटकीसाठी स्थापन झालेल्या आणि आता आयसीडीडीआर,बी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत रशिदुल हक यांनी मीरपूर वस्तीतल्या मुलांवर वर्षानुवर्षे काम केले. सोबत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे विल्यम पेट्री. आरोग्य कार्यकर्त्या दिवसाआड घरी जात, जुलाब झाले की नमुना घेत. हिस्टोलिटिका आतड्याच्या पेशीला लेक्टिन नावाच्या एका विशिष्ट प्रथिनाने चिकटतो. त्याच लेक्टिनला पकडणारी चाचणी आणि पीसीआर यांच्या जोडीने अमीबा ओळखला जाई. पहिल्यांदा समजले, की कोणत्या मुलाला खरोखर कोणता अमीबा झाला आणि पुढे त्याचे काय झाले.

ज्यांच्या आतड्यांत त्या लेक्टिनविरुद्ध आयजीए प्रतिपिंडे तयार झाली, त्यांना पुढच्या वर्षभरात नवी लागण ८६ टक्क्यांनी कमी झाली. हिस्टोलिटिकाचे जुलाब होणाऱ्या मुलांची वाढ खुंटलेली आढळली. २०११ साली दिसून आले, की भूक ताब्यात ठेवणाऱ्या लेप्टिनच्या ग्राहकात एका अमिनो आम्लाचा फरक असलेल्या मुलांना लागणीचा धोका जवळपास चौपट असतो. भूक, पोषण आणि अमीबा एकाच दोऱ्यात ओवलेले निघाले. २०१४ साली पेट्री यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले, की हिस्टोलिटिका पेशी विरघळवतो हे शाउडिन यांनी नावात बांधलेले वर्णनही अपुरे आहे. तो जिवंत पेशीचे लचके तोडतो, आणि लचके तोडतातोडता ती मरते.

आणखी एक जुना गैरसमज या कामांमुळे उघडा पडला. लहान मुलाच्या शौचात रक्त दिसले, सूक्ष्मदर्शकाला सिस्ट दिसले, की अमीबाचे औषध द्यायची रीत होती. मुलांच्या रक्तीहगवणीमागे बहुतेक वेळा शिगेला हा जिवाणू असतो आणि सिस्ट योगायोगाने तिथे असलेल्या डिस्पारचे असू शकतात. अशा वेळी अमीबाची गोळी देणे म्हणजे खरा चोर मोकाट सोडणे. म्हणूनच आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की लहान मुलांत आधी शिगेलाचा उपचार करावा. त्याने गुण आला नाही, किंवा तांबड्या पेशी गिळलेला अमीबा प्रत्यक्ष दिसला, तरच आमांश अमीबाचा मानावा.

आता तो तिसरा. १९४१ साली मॉस्कोच्या सांडपाण्यात एक अमीबा सापडला होता, नाव एंटामिबा मॉश्कोव्स्की. तोही चार केंद्रकांचा, रूपाने अगदी हिस्टोलिटिका. माणसात तो क्वचितच असतो अशी समजूत होती. २००३ साली मीरपूरच्या १०९ मुलांच्या नमुन्यांत पीसीआरने तो २३ मुलांत दाखवला. हिस्टोलिटिका १७ जणांत होता आणि डिस्पार ३९ जणांत. पुदुच्चेरीत सुभाषचंद्र परिजा आणि कृष्णा खैरनार यांनी तो भारतीय रुग्णांतही दाखवून दिला. २०१२ मध्ये मीरपूरच्या तान्ह्या मुलांत त्याचा जुलाबांशी संबंध आढळला. म्हणजे निरुपद्रवी म्हणून सोडलेल्यांतही एखादा निराळा निघू शकतो.

आणि मग काही नमुने असे आले, की तंत्रज्ञाला काचेखाली चार केंद्रकांचे अमीबा लख्ख दिसत होते, पण पीसीआर तिन्ही नावांना नकार देत होती. हिस्टोलिटिका नाही, डिस्पार नाही, मॉश्कोव्स्की नाही. यंत्राचे ऐकले असते तर 'अमीबा नाही' असे लिहून डबी फेकून दिली असती. पीसीआर विचारलेल्या नावालाच ओ देते. न विचारलेले नाव ती कधीच उच्चारत नाही. संशोधकांनी या वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवला. त्या अमीबाचे रायबोसोमल जनुक पूर्ण वाचून काढले, तर ते कोणाशीच जुळेना. २०१२ साली त्याला नाव मिळाले एंटामिबा बांगलादेशी.

शतकभर डोळ्यांनी फसवले म्हणून ज्या सूक्ष्मदर्शकाला खेड्यातल्या दवाखान्यातून रजा द्यायचे घाटत होते, त्यानेच हा चौथा दाखवून दिला. एकाने शोधायचे, दुसऱ्याने पारखायचे, एवढी वाटणी आता ठरली आहे. आपल्याकडच्या कित्येक अहवालांवर मात्र आजही एकाच ओळीत, ठाम अक्षरांत हिस्टोलिटिकाचे सिस्ट दिसल्याचे लिहिलेले असते. ती ओळ वाचताना ब्रुम्प्ट यांचे नाव आठवावे, आणि ते पोर रडत-कण्हत आले होते की हसत-खेळत, एवढे तरी गोळी लिहिण्याआधी त्याच्या आईला विचारावे.